दोन ओळी ज्वारीचा पंचनामा

सप्टेंबर सरत आला, मेपलच्या शेंड्यांना लाली चढली, की आमच्या कॅनडातल्या व्हिटबीत दोन पिकं एकदम वर येतात. एक भोपळ्याचं, दरवर्षी. दुसरं निवडणुकीच्या पाट्यांचं, चार वर्षांतून एकदा. भोपळ्याचे निदान घारगे होतात. पाट्यांचं पुढे काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मागच्या खेपेच्या अकरा माझ्या गॅरेजमध्ये पडून आहेत आणि हिवाळाभर त्यांच्यावर मी बर्फातून आलेले बूट काढतो. ओले बूट पाटीवरच्या अण्णांच्या तोंडावर ठेवताना पहिल्या वर्षी जरा संकोच वाटला. आता वाटत नाही.

आज सकाळी कोपऱ्यावरच्या हिरवळीत अण्णा पुन्हा उगवले. सर्जेराव ढोबळे, प्रांताच्या विधानसभेतले आमचे आमदार. पाटीवर नुसतं 'सर्ज'; 'राव' पक्षाने छाटला. फोटोत बत्तीसच्या बत्तीस दात. मी ज्या अण्णांना ओळखत होतो त्यांचा वरचा एक दात नव्हता, आणि त्या फटीतून ते कुत्र्याला बोलवायची शिट्टी अशी वाजवायचे की शेजारच्या फार्मवरच्या गाईसुद्धा माना वळवायच्या. तो दात ज्या मोसमात बसला, त्याच मोसमात मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात उत्तम पार्किंगची व्यवस्था केली. माझ्या वडिलांची ज्वारीही त्याच मोसमातली.

अण्णा मूळचे बार्शीकडचे. तीसेक वर्षांपूर्वी इकडे आले, दुसऱ्यांच्या बागांत सफरचंदं तोडली, दुसऱ्यांच्या रानात तंबाखू खुडला, मजुरांच्या खोल्यांत झोपले आणि शेवटी व्हिटबीच्या वर स्वतःची जमीन घेतली. तिथे त्यांनी भेंडी लावली, वांगी लावली, मेथी, कारली. टोरांटोच्या देशी ग्रोसरीत उन्हाळ्यात जी ताजी भेंडी दिसायची ती बहुधा अण्णांची. आणि आम्ही पुण्या-नागपूरहून आलेले सॉफ्टवेअरवाले त्यांना काय म्हणायचो? भेंडीवाला. 'शनिवारी भेंडीवाल्याकडे जाऊ या.' गाडी भरून जायचं, स्वतः तोडायची, आणि तोडताना प्रत्येक भेंडीचं टोक कट्कन मोडून बघायचं. मोडली तर कोवळी. मोडली तरी घ्यायची नाही, पुढची मोडायची. संध्याकाळपर्यंत शेतभर शेंड्या कापलेल्या भेंड्या उभ्या. शेवटी अण्णांनी मराठीत एक पाटी ठोकली: 'टोक मोडून पाहू नये. सगळी कोवळी आहे.' सबंध कॅनडात मराठीतली ती एकच पाटी मी पाहिली, आणि ती आमच्या लायकीची होती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझे वडील सहा महिन्यांसाठी आले. आप्पा निवृत्त तलाठी. उभी हयात सोलापूर जिल्ह्यातल्या दहा-बारा सज्ज्यांत गेलेली. माझं घर त्यांनी तीन दिवसांत पाहून संपवलं. चौथ्या दिवशी विचारलं, "या घराचा सातबारा कुठे मिळतो?" मी म्हटलं, इथे तसा नसतो. "मग मालक कोण ते कळतं कसं?" म्हटलं, बँक. त्यावर ते बेसमेंटमध्ये जाऊन बसले ते दोन आठवडे फक्त जेवायला वर आले. मी ऑफिसातून त्यांना फोन करायचो. "काय करताय?" "बसलोय." संध्याकाळी पुन्हा. "काय केलंत?" "बसलो."

माझी बायको मीनल म्हणाली, "अरे, त्यांना त्या भेंडीवाल्याकडे तरी ने."

नेलं. अण्णा वाफ्यात उकिडवे बसले होते. आप्पा त्यांच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. मी उभाच, कारण माझे गुडघे तेव्हाच खुर्चीला वाहिलेले होते. मातीचं एक ढेकूळ आप्पांनी बोटांत चुरलं, हुंगलं.

"गाव कुठलं?" अण्णांनी विचारलं.

"मंगळवेढ्याकडचा. तलाठी होतो."

"अरे बापरे. भाऊसाहेब," अण्णा चटकन उठून उभे राहिले. तीस वर्षं कॅनडात काढून तलाठ्यासमोर उभा राहणारा माणूस. त्या अण्णांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

त्या दिवसापासून मी सकाळी आप्पांना शेतावर सोडायचो आणि संध्याकाळी आणायचो. माझे वडील कॅनडात येऊन दुसऱ्याच्या शेतात खुरपतात, ही गोष्ट मी मित्रांपासून लपवून ठेवली. विचारलं तर सांगायचो, "ते कम्युनिटी गार्डनिंग करतात." मे संपताना आप्पांनी अण्णांकडे दोन ओळींची जागा मागितली. ज्वारी पेरायची होती. ग्रोसरीतून आणलेली खाण्याची ज्वारी त्यांनी ओल्या फडक्यात बांधून मोड काढून पाहिली होती. निम्मे दाणे जिवंत निघाले होते.

"कशाला?" मी म्हटलं. "पीठ मिळतं की."

"हुरडा," आप्पा म्हणाले. "ऑक्टोबरात माझं तिकीट आहे. जायच्या आधी इथे हुरडा खायचा. मी काही पुन्हा त्या विमानात बसत नाही."

एवढंच त्यांचं मागणं होतं. सहा महिन्यांत त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. नायगारासुद्धा मीच दाखवला, आणि ते म्हणाले, "पाणी फार वाया चाललंय."

अण्णांनी शेताच्या कडेला, अंगणाला लागून, जागा दिली. चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ही सुतळी ओलांडून माझा बाप आला तरी परत पाठवीन."

ज्वारी वाढली. जुलैत माझ्या खांद्याला, ऑगस्टात डोक्याच्या वर. पण कणसाचा पत्ता नाही. आप्पा रोज शेंड्याच्या पोंग्यात डोकावायचे. अण्णा म्हणाले, "इथं उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड, भाऊसाहेब. ज्वारीला कणीस धरायला अंधार लागतो. उजेडात ठेवली की नुसती उंच होते." हे ते ज्वारीबद्दल बोलत होते.

त्याच सुमाराला पक्षाला आमच्या मतदारसंघासाठी चेहरा हवा झाला. देशी मतं वाढली होती, आणि इकडच्या लोकांना शेतकरी आवडतो, लांबून. एकाच माणसात दोन्ही मिळतंय म्हटल्यावर त्यांनी अण्णांना उचललं. ज्या रविवारी ही बातमी आली त्या रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेंडीवाला हा शब्द मरण पावला. सगळ्यांच्या तोंडी 'आपले अण्णा'. एका गृहस्थाने तर भाषणात सांगितलं की अण्णांच्या भेंडीवर त्याची मुलं वाढली. त्याची मुलं पिझ्झ्यावर वाढली आहेत, मी साक्षीला आहे. आणि मी? मी टाळ्या वाजवल्या आणि स्वयंसेवकांच्या यादीत पहिलं नाव माझं लिहिलं. मला वाटायला लागलं होतं की अण्णा निवडून आले की त्यांना जवळचा, लिहिता-वाचता माणूस लागेल.

पक्षाने ब्रॅड नावाचा एक चुणचुणीत इसम पाठवला. त्याने अण्णांकडे असं पाहिलं जसं आम्ही भेंडीकडे पाहायचो. फोटो काढायला शेतात गेलो. ब्रॅड म्हणाला, हे शेत वाटत नाही. भेंडी बुटकी, कोणाला ओळखू येत नाही. म्हणून आम्ही शेजारच्या गोऱ्याच्या मक्यात गेलो आणि अण्णांना त्याच्या मक्यात उभं केलं. मग बूट. अण्णांचे रोजचे बूट ब्रॅडने नाकारले, कारण ते फार घाण होते. नवे आणले, ते फार स्वच्छ दिसायला लागले. तेव्हा नव्या बुटांना बेताचा चिखल लावायचं काम माझ्याकडे आलं. मी घरून तूप लावायचा ब्रश नेला आणि एका खऱ्या शेतकऱ्याच्या बुटांना खरा चिखल खोटा लावला. नीट जमलं. पाटीवरच्या फोटोत ते बूट कापलेत.

मला वाटलं होतं, अण्णा आता हसतील, शिवी देतील, म्हणतील, चला, वांगी तोडायची राहिलीत. अण्णांनी ब्रॅडला विचारलं, "हनुवटी जरा वर घेऊ का?"

दुसऱ्या दिवशी 'टोक मोडून पाहू नये' ही पाटी गेली. ब्रॅडचं म्हणणं, मतदाराला 'नये' सांगायचं नसतं. त्याच आठवड्यात दात बसला आणि शिट्टी गेली. कुत्रा काही दिवस गोंधळून हिंडत होता.

माझ्याकडे मराठी मतं होती. तीन आठवडे मी रोज संध्याकाळी घरोघरी फिरलो. आपल्याकडे प्रचार म्हणजे काय, पोहे. 'अण्णांना मत ना?' 'म्हणजे काय, आपला माणूस. अजून थोडे घ्या.' माझा कमरेचा पट्टा एक भोक पुढे सरकला आणि यादी पाच पानांची झाली. ती मी एक्सेलमध्ये घालून, रंग देऊन, ब्रॅडपुढे ठेवली. त्याने एकच प्रश्न विचारला, "यातले सिटिझन किती?"

मी पुन्हा सगळ्यांना फोन केले. निम्म्याहून जास्त लोक अजून पीआरवर होते, म्हणजे कायम राहायचा परवाना, पण नागरिकत्व नाही. मत देता येत नाही हे त्यांना माहीत होतं. मग हो का म्हणालात? "तुम्ही एवढे घरी आलात, नाही कसं म्हणायचं?" यादीतलं पहिलं नाव माझं होतं. मीही सिटिझन नव्हतो.

अशा माणसाला प्रचारातून काढून कुठे ठेवतात? पार्किंगला. मला नारिंगी जाकीट, एक झेंडा आणि एक वॉकीटॉकी मिळाली.

सप्टेंबरच्या मध्यावर ज्वारीने एकदाची कणसं काढली. दिवस लहान झाले होते. महिनाअखेरीला दाण्यात दूध भरलं. आप्पा नखाने दाणा दाबून बघायचे. "आणखी सात-आठ दिवस. थंडी पडली नाही म्हणजे झालं." शेजारच्या डेअरीतून शेण मागून आणून त्यांनी गोवऱ्या थापल्या आणि त्या माझ्या डेकवर वाळत घातल्या. शेजारीणबाईंनी कुंपणावरून मीनलला विचारलं, हे आर्ट आहे का. मीनल म्हणाली, हो. शेंगदाण्याची चटणी कुटून तयार होती. रविवार ठरला. त्याच्या आदल्या रविवारी, अण्णांच्या अंगणात, पक्षाच्या नेत्यांची सभा होती.

आप्पांनी मला सकाळीच सांगितलं, "गर्दी जमली की कडेचं पीक जातं. मी पाहिलंय." मी म्हटलं, आप्पा, पार्किंग माझ्याकडे आहे. बीचवर नेतो ती आमची घडीची खुर्ची त्यांनी ज्वारीसमोर उघडली आणि सुतळीला पाठ लावून बसले.

मी पंधरा वर्षं कॉम्प्युटरमधल्या कामांच्या रांगा लावत आलोय. जागा कमी, गाड्या जास्त. मी त्या अशा लावल्या की मध्ये बोटभर जागा वाया जाऊ नये: एकामागे एक, पाच पदरी, गच्च. आधी आलेला सगळ्यात आत, शेवटी आलेला सगळ्यात बाहेर. नेत्यांची बस सगळ्यांच्या आधी आली होती.

भाषणं झाली. नेते म्हणाले, सर्ज हा मातीचा माणूस आहे. ब्रॅडने माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. मग नेत्यांना पुढच्या गावी जायचं होतं, आणि बस निघेना, कारण बसच्या मागे सबंध मराठी समाज उभा केलेला होता. मी खाण्याच्या तंबूत धावलो. "काका, गाडी काढा." "हो हो, आलोच. एवढा गरम वडा संपवतो." "वहिनी, किल्ली." "अहो, ह्यांच्याकडे आहे, आणि हे चटणीच्या रांगेत आहेत." कोणीही नाही म्हणत नव्हतं. कोणीही उठत नव्हतं.

बाहेर ब्रॅड घड्याळाकडे बघत होता. बसच्या डाव्या अंगाला एकच वाट मोकळी होती. तिथे चार खुंट्या, सुतळी, दोन ओळी ज्वारी आणि खुर्चीवर आप्पा.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी ज्वारीकडे पाहिलं. त्यांना सगळं दिसत होतं हे मी शपथेवर सांगतो. उगवणीपासून त्यांनीही त्या ज्वारीत डोकावलं होतं. मग त्यांनी बसच्या काचेमागच्या नेत्यांकडे पाहिलं, नवा दात दाखवला आणि हात असा हलवला, जशी जेवताना माशी हाकलावी.

"जाऊ दे," ते मला म्हणाले.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. वॉकीटॉकी फेकून देता आली असती, खुर्चीशेजारी बसता आलं असतं. मी काय केलं? मी आप्पांपाशी गेलो आणि म्हणालो, "आप्पा, खुर्ची जरा बाजूला घ्या."

आप्पांनी माझ्या जाकिटाकडे पाहिलं. मग ते उठले. मी खुर्ची घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी घेऊ दिला नाही. स्वतः घडी घातली, काखेत घेतली आणि दहा पावलं चालून उभे राहिले. मी झेंडा हलवला. बस आरामात गेली. ज्वारी मोडताना आवाज होतो, उसासारखा. तंबूत नेते निघाले म्हणून टाळ्या चालू होत्या.

अण्णा आले. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या वर्षी एकरभर पेरू, भाऊसाहेब."

"पुढच्या वर्षी मी नसतो," आप्पा म्हणाले. पण अण्णा तोवर बसला हात करायला वळले होते.

घरी आल्यावर आप्पांनी माझ्या प्रिंटरमधून एक कोरा कागद घेतला आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. पट्टीने समास आखला. मला वाटलं, पत्र लिहितायत. ते पंचनामा लिहीत होते. अक्षर तेच, सरकारी, सरळ. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष लिहून देतो की, मौजे व्हिटबी येथील शेतात पाहणी केली असता...' पीक, ज्वारी. क्षेत्र, दोन ओळी. अवस्था, हुरड्यात. नुकसान, संपूर्ण. आणि त्याखाली, नुकसानीचे कारण: कडाक्याची थंडी.

त्या दिवशी मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात होतो. नारिंगी जाकिटाने उकडत होतं.

तुम्हाला तलाठी माहीत नसेल तर यात काय मोठंसं, असं वाटेल. आप्पांनी एका पंचनाम्यात आमदाराच्या मेव्हण्याची कडब्याची गंजी जळालेली लिहिली नाही, कारण ती जळालेली नव्हती. त्यापायी आमचं बिऱ्हाड एका वर्षात तीन गावं हिंडलं आणि मी चौथी तीन शाळांत शिकलो. त्या माणसाने आयुष्यातला एकुलता एक खोटा पंचनामा लिहिला तो माझ्या घरी, माझ्या प्रिंटरच्या कागदावर, माझ्यासाठी.

"सही कर," ते म्हणाले. "पंच क्रमांक एक."

मी केली. दुसऱ्या पंचाची जागा रिकामी राहिली. "ती जागेच्या मालकाची," आप्पा म्हणाले, "त्याला सवड झाली की घे." नऊ दिवसांनी ते गावी परतले. गोवऱ्या मी कचऱ्याच्या कोणत्या डब्यात टाकाव्यात हे कळेना म्हणून वसंतापर्यंत डेकवर राहिल्या.

अण्णा निवडून आले. मी जवळचा माणूस झालो नाही. त्यांना लिहिता-वाचता माणूस लागलाच नाही, कारण लिहून ब्रॅड द्यायचा. चार वर्षांत विधानसभेत त्यांनी सुपीक जमीन वाचवण्यावर एक भाषण केलं आणि भेंडीच्या शेताचा उत्तरेकडचा तुकडा बिल्डरला दिला. तिथे आता टाउनहाउसेस आहेत. दिवाळीला अण्णा मंडळात येतात, पहिल्या रांगेत बसतात, पहिला लाडू उचलतात, अर्धा ठेवतात. आम्ही तो अर्धा लाडू फोटोत घेतो. आम्ही सगळे. कोणाला सांगू नका, मीही.

मोसम परत आला की हे सगळं असं वर येतं. ते आठवत मी दुपारी मागच्या अंगणात पानं ओढत होतो, तर बेल वाजली. दारात अण्णा, मागे दोन स्वयंसेवक.

"काय रे, ओळखलंस का? आता तरी सिटिझन झालास ना?"

"झालो."

"शाब्बास. मग लॉनवर बोर्ड लावू?"

मी म्हटलं, "एक मिनिट," आणि आत गेलो. आप्पांचा कागद ड्रॉवरमध्ये फ्रीजच्या वॉरंटीखाली होता. तो आणून मी पुढे केला आणि रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "अण्णा, इथे एक सही."

मला वाटलं, वाचतील. मराठीत होता, बार्शीच्या माणसाला कळेल अशा मराठीत, आणि पहिल्या दोन ओळींत ज्वारी होती. काय म्हणतील, याची मी चार वर्षं उजळणी केली होती, माझ्या वाटची वाक्यंसुद्धा. अण्णांनी खिशातून पेन काढलं, कागद स्वयंसेवकाच्या पाठीवर टेकवला, आणि झोकात सही केली. 'सर्ज'. खाली एक रेघ. रेघेखाली, 'विथ बेस्ट विशेस'.

"मंडळाच्या हॉलमध्ये लावायचाय वाटतं?" ते म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले. जाता जाता स्वयंसेवकाने पाटी ठोकली. मी 'नाही' म्हणालो नाही. ती अजून तिथे आहे.

मग आप्पांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असणार हे लक्षात आलं तोवर त्यांनी उचलला होता.

"आप्पा, दुसऱ्या पंचाची सही झाली."

मागे पंख्याचा आवाज येत होता.

"वाचून केली?"

"नाही."

"बरं," आप्पा म्हणाले. "मग लाव फाइलला."